आचाऱ्यांचे आचार्य झाले त्याची गोष्ट

दिवाळीची साफसफाई हा हरवलेल्या वस्तू सापडण्याचा हंगाम. गेल्या वर्षी वसुबारसेच्या आधी पंधरा दिवस आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडाची घंटी वाजली. पाहतो तो दारात शेजारच्या काकू, आणि हातात एक जुनी सीडी.

“काय रे मास्तर, तू मुलांना कॉम्प्युटर शिकवतोस ना? मग एवढे वाचून दे.”

काकूंच्या यजमानांनी १९९७ साली आपल्या आईच्या आठवणी तिच्या तोंडून ऐकून टंकलिखित केल्या होत्या. आता यजमानही नाहीत आणि आईही नाही. छापलेल्या कागदांपैकी ट्रंकेत एकच पान उरले होते.

मी फाईल उघडली. कागदभर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांची खिचडी!

“हे रे काय?” काकू म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंना इंग्रजीचा गंधसुद्धा नव्हता.”

वाचकहो, यात सासूबाईंचा दोष नव्हता. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. त्या काळच्या मराठी फाँटांनी एक युक्ती केली होती. इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. प्रत्येकाची मांडणी निराळी आणि बहुधा घरातल्या घरात ठेवलेली. फाँट हरवला की चित्र जाते आणि मागे नुसते इंग्रजी अक्षर उरते.

माथेरानची गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. १९०७ पासूनची ही गाडी दोन फुटी रुळांवर चालते. तिचा डबा कितीही देखणा असला तरी नेरळहून पुढे कल्याणला येऊ शकत नाही, कारण आपले रूळ साडेपाच फुटी. काकूंची फाईल अशीच नेरळला अडकली होती.

साऱ्या जगासाठी एकच रूळ टाकला तो युनिकोडने, १९९१ साली. त्यात देवनागरीला १२८ घरे दिली आहेत. ‘अ’ म्हणजे २३०९, ‘क’ म्हणजे २३२५, मग संगणक डोंबिवलीतला असो की डेन्मार्कमधला. हा तक्ता उघडा आहे. कोणीही पाहावा, कोणीही वापरावा.

माझ्या वर्गातल्या चार मुलांनी काम अंगावर घेतले. ट्रंकेतले ते एकुलते पान समोर ठेवून कोणत्या खुणेचे कोणते अक्षर याचा तक्ता केला. पायथन ही भाषा फुकट आणि खुली, तेव्हा खर्च फक्त चहाचा. पण ऱ्हस्व वेलांटीने पोरांना रडवले. ‘कि’ लिहिताना जुना फाँट वेलांटी आधी नोंदवी आणि क नंतर. युनिकोडात क आधी. रफाराचे नेमके उलटे. शेवटी तेही जमले आणि मजकूर काकूंच्या हाती गेला.

दुसऱ्या दिवशी काकू हसतच आल्या. “मास्तर, आमच्या सासूबाईंच्या लग्नात आचार्यांनी बुंदी पाडली काय रे?”

मराठीतला तो आडवा ‘ऱ’ मुलांनी साध्या रफारात ढकलला होता. बिचारे आचारी एका रात्रीत आचार्य झाले! जिला प्रोग्रामची एक ओळ वाचता येत नाही, तिने त्यातली चूक पकडली. मुलांनी ती सुधारली आणि सगळा प्रोग्राम जगाला खुला करून टाकला. दोन महिन्यांनी एका अनोळखी गृहस्थांनी कळवले की, त्यांच्या वडिलांची भजने त्यामुळे वाचता आली.

मात्र फुकट म्हणजे बिनकष्टाचे, असे कोणी समजू नये. ‘एक्सझेड’ नावाचा, फाईली आवळून लहान करणारा एक खुला प्रोग्राम जगभरच्या असंख्य संगणकांत आहे. तो मुख्यत्वे एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत असे. मदतनीस म्हणून कोणी एक जण आला, दोनेक वर्षे गोड बोलून विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले की, यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. तो खोदत गेला आणि चोर सापडला. घर उघडे होते म्हणून त्याला आत पाहता आले. पण राखणदार एकटा होता म्हणूनच चोर शिरला होता. आपण सारे जिथे राहतो, तिथली राखण एकट्यावर सोडून कसे चालेल?

हे मी वर्गात पुष्कळदा सांगत होतो, पण मुलांना ते पटले काकूंच्या स्वयंपाकघरात. कामाची फी म्हणून काकूंनी चौघांना चकल्या खाऊ घातल्या. एकाने भाजणीचे प्रमाण विचारले.

“लिहून घे. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक. सासूबाईंनी मला दिले, त्यात मी धने वाढवले. तू काय हवे ते बदल. पण कोणी विचारले तर लपवायचे नाही हो!”

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली खुल्या प्रोग्रामांसाठी एक परवाना लिहिला. घ्या, बदला, पण पुढे द्याल तेव्हा कृतीसकट द्या, हे त्याचे सार. तो परवाना मी वीस वेळा शिकवला असेल. काकूंनी तो चकली तळता तळता सांगितला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री काकूंचा नातू आपल्या पणजीच्या आठवणी मोठ्याने वाचत होता. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होते. बुंदी आचाऱ्यांनीच पाडली होती.