विदागार प्रणालींचे संकलन व तयार संच
लिनक्स या संगणकीय कार्यकारी प्रणालीवर विदागार म्हणजे सुसंघटित माहितीसाठा सांभाळणारी आज्ञावली दोन प्रकारे बसविता येते. पहिल्या प्रकारात आज्ञावलीची मूळ संहिता घेऊन ती त्याच संगणकावर यंत्रभाषेत रूपांतरित करतात. या क्रियेस संकलन व ती करणाऱ्या साधनास संकलक अथवा कंपायलर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात इतरत्र संकलित केलेला द्विमान संच तयार स्थितीत घेतात. दोन्हींतून मिळणारी प्रणाली बहुतांशी सारखीच असते; भेद पडतो तो सोयी ठरविण्याचा अधिकार व देखभालीची जबाबदारी यांत.

पार्श्वभूमी : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये ‘पोस्टग्रेस’ प्रकल्प सुरू केला. त्यातूनच १९९६ मध्ये ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ हे नाव धारण करणारी मुक्त प्रणाली विकसित झाली. ‘मायएसक्यूएल’ ही दुसरी प्रसिद्ध प्रणाली १९९५ ची असून तिच्यापासून २००९ मध्ये ‘मारियाडीबी’ ही शाखा फुटली. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनसारख्या वितरणांमुळे तयार संच वापरण्याची प्रथा रूढ झाली.

संकलनाची कृती : पोस्टग्रेस्क्यूएल मुख्यतः सी भाषेत लिहिलेली आहे. प्रथम ‘कॉन्फिगर’ या आदेशाने संगणकावरील साधने व ग्रंथालये तपासून हव्या त्या सोयी निवडतात. ‘मेक’ने संकलन, ‘मेक चेक’ने चाचणी व ‘मेक इन्स्टॉल’ने स्थापना होते. आधुनिक संगणकावर हे काम काही मिनिटांत होते. मायएसक्यूएलसारख्या सी++ भाषेतील विस्तृत प्रणालीस त्याहून पुष्कळ अधिक वेळ व स्मृती लागते. तयार संचात ही सर्व कृती वितरकाने आधीच केलेली असते. पूरक ग्रंथालये, सेवा आपोआप सुरू होण्याची व्यवस्था व सुरक्षाविषयक दुरुस्त्या त्यासोबतच मिळतात.

मराठी नोंदींचा प्रश्न : काही मर्यादा संकलनाच्या वेळीच निश्चित होतात. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये कोष्टकाचे वा स्तंभाचे नाव सामान्यतः ६३ बाइटांपर्यंत असू शकते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. त्यामुळे मराठी नाव २१ चिन्हांत बसवावे लागते, आणि काना, मात्रा, हलन्त हेही त्यांत मोजले जातात. ही मर्यादा वाढविण्यासाठी मूळ संहितेत बदल करून पुन्हा संकलन करणे हाच मार्ग होय. मात्र अशा प्रणालीने निर्माण केलेल्या फायली सामान्य तयार संचास उघडता येत नाहीत.

दुसरा प्रश्न वर्णक्रमाचा. मराठी वर्णमालेत ळ, क्ष व ज्ञ ही अक्षरे ह नंतर येतात. युनिकोडच्या संकेतक्रमात मात्र ळ हा ल व व यांच्या मध्ये आहे, तर क्ष हा क, हलन्त व ष यांचा संयोग ठरून क च्या गटात पडतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या गावांची यादी हे याचे सोपे उदाहरण होय. तीत डोळखांब, सरळगाव, शिवळे अशी ळ असलेली नावे आहेत. केवळ संकेतक्रम लावल्यास ‘सरळ’ने सुरू होणारे नाव ‘सरस’ने सुरू होणाऱ्या नावाच्या आधी येते, वर्णमालेप्रमाणे ते नंतर यावयास हवे. भाषानुरूप क्रमासाठी ‘आयसीयू’ हे ग्रंथालय वापरतात. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये त्याची सोय २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून आहे. स्वतः संकलन करणाऱ्याने ती वगळली असल्यास हा क्रम उपलब्ध होत नाही.

वर्णक्रम बदलल्यास केवळ यादी विस्कटते असे नाही. २०१८ मध्ये लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूलभूत ग्रंथालयाच्या २.२८ आवृत्तीत वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या क्रमाने रचलेली सूची नव्या क्रमाने शोधली असता अस्तित्वात असलेली नोंदही सापडत नाही, आणि तीच नोंद दुसऱ्यांदा स्वीकारली जाऊ शकते. खातेदार वा विद्यार्थी यांच्या नोंदवहीत असे घडल्यास हक्काची नोंद असूनही ती नाही असे उत्तर मिळते. हा दोष दोन्ही पद्धतींत संभवतो, कारण ते ग्रंथालय कार्यकारी प्रणालीचे असते. त्यावर सूची नव्याने रचणे हा उपाय आहे.

विश्वासार्हता : स्वतः संकलित केलेली आज्ञावली अधिक सुरक्षित असते, ही समजूत अंशतःच खरी आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपण साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत लपविलेली घातक संहिता उघडकीस आली. ती प्रसिद्ध केलेल्या मूळ संहितेच्या गठ्ठ्यातच होती व संकलनाच्या वेळी कार्यान्वित होत असे. पोस्टग्रेस्क्यूएलचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना संगणकात दूरस्थ प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला व त्यावरून त्यांनी तिचा शोध लावला.

निवड : संकलनास प्रारंभी इंटरनेट, वीज व संकलक एवढेच लागत असले, तरी पुढील देखभाल दीर्घकालीन असते. पोस्टग्रेस्क्यूएलच्या किरकोळ सुधारित आवृत्त्या साधारणतः दर तिमाहीस निघतात, व प्रत्येक मुख्य आवृत्तीस ५ वर्षे आधार मिळतो. स्वतः संकलन करणाऱ्यास प्रत्येक वेळी तीच कृती पुन्हा करावी लागते. मूळ निवडलेले पर्याय लिहून ठेवले नसतील, तर जाणकार व्यक्ती बदलून गेल्यावर प्रणाली हाताळणे कठीण होते. म्हणून शहापूर वा मुरबाडसारख्या ठिकाणच्या छोट्या कार्यालयास वा विद्यालयास वितरणाचा तयार संच सामान्यतः श्रेयस्कर ठरतो. वेगळ्या मर्यादा, विशिष्ट प्रक्रियक किंवा संहितेचा अभ्यास हा हेतू असल्यास संकलन उपयुक्त असते. पद्धत कोणतीही असो, विदेची प्रत ‘पीजी-डंप’सारख्या साधनाने नियमित काढून निराळ्या ठिकाणी ठेवणे आवश्यक असते, कारण अशी प्रत दोन्ही प्रकारे बसविलेल्या प्रणालींत पुन्हा भरता येते.