नव्या लॅपटॉपचे दोन कप्पे

मुलांच्या कॉलेजच्या किंवा घरच्या कामाच्या निमित्ताने हल्ली घरोघर लॅपटॉप येतो. हळदकुंकू वाहून झालं, की लागलीच त्यात फोटो, गुणपत्रिका, विम्याचे कागद भरायला सुरुवात होते. पण मैत्रिणींनो, जरा थांबा! नव्या कपाटात सामान लावण्याआधी आपण कप्पे ठरवतोच ना? इथंही तसंच करावं.

विंडोजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये आपल्या वापरायची सारी जागा ‘सी’ या एकाच कप्प्यात असते. (‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली, म्हणून सुरुवात ‘सी’पासून.) विंडोजही त्यातच आणि आपले फोटोही त्यातच. उद्या विंडोज बिघडलं आणि ‘सी’ पुसून ते नव्याने घालावं लागलं, तर लेकीच्या बारशापासूनचे फोटोही पुसले जातील. तेच ‘डी’ या वेगळ्या कप्प्यात असले, तर शाबूत राहतात. मात्र दुरुस्तीवाल्याला ‘फक्त सी पुसा’ असं बजावून सांगायला हवं.

५१२ जीबीच्या लॅपटॉपवर जागा सुमारे ४७६ जीबीच दिसते. दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

आता कृती:

१. चार्जर लावून ठेवा. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ कागदावर उतरवून दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवा.

२. ‘स्टार्ट’वर माउसचं उजवं बटण दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा.

३. ‘सी’वर उजवं बटण दाबून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो. ‘डी’ २०० जीबीचा हवा, तर २०४८०० लिहा. ‘सी’ला निदान दीडशे जीबी राहू द्या, हात आखडू नका. विंडोज दिवसेंदिवस फुगतच जातं!

४. मोकळ्या झालेल्या जागेवर काळी पट्टी दिसेल. तिच्यावर उजवं बटण दाबून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घ्या आणि ‘नेक्स्ट’ म्हणत ‘फिनिश’पर्यंत जा. झाला ‘डी’ तयार!

शेजारी ‘ईएफआय’, ‘रिकव्हरी’ असे छोटे कप्पे दिसतील. ते अडगळ समजून काढू नका. ‘ईएफआय’ गेला तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. ‘डिलीट व्हॉल्यूम’ला तर हातही लावू नये.

नुसता ‘डी’ करून भागत नाही. ‘पिक्चर्स’, ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर मुळात ‘सी’मध्येच असतात, म्हणून फोटो आठवणीने ‘डी’वर ठेवा.

आणि एक लक्षात असू द्या. कप्पे दोन झाले तरी कपाट एकच. डिस्कच जळाली किंवा लॅपटॉप चोरीला गेला, तर दोन्ही कप्पे जातात. तेव्हा महत्त्वाच्या कागदांची आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ती लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे, वेगळ्या जागी ठेवावी. महिन्याचं वाणसामान भरताना त्याच दिवशी हेही काम उरकलं, तर विसर पडत नाही.