फॉरमॅट मारण्याआधी थांबा! घरच्या संगणकातला व्हायरस फुकटात काढता येतो

जून-जुलै आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच धावपळ सुरू होते. कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. सगळे कागद स्कॅन करून पेन ड्राईव्हमध्ये घ्यायचे, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची आणि तोच पेन ड्राईव्ह घरी येऊन संगणकाला लावायचा. उघडून पाहावे तर फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी बाण असलेले शॉर्टकट! दुरुस्तीवाला एका वाक्यात निकाल देतो, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅटने व्हायरस जातो हे खरे, पण आधी कॉपी काढली नसेल तर त्याच्यासोबत मुलीचे दाखले जातात आणि आजोबांचा दीक्षाभूमीवरचा फोटोही जातो. म्हणून आम्ही सांगतो, फॉरमॅट हा शेवटचा उपाय समजा.

पहिली गोष्ट, या प्रकारात फाईली बहुतेक वेळा पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केले की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डर उघडतो. त्यामुळे माणसाला वाटते सगळे ठीक आहे, आणि तेवढ्यात घरचा संगणकही बाधित होतो. तेव्हा शॉर्टकटला हात लावू नका. पेन ड्राईव्ह काढून बाजूला ठेवा आणि आधी संगणक साफ करा, नाहीतर साफ केलेला पेन ड्राईव्ह पुन्हा खराब होईल.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासूनच असतो, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा. आधी अपडेट करा, मग वाय-फाय बंद करा. 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये सर्वांत खाली 'ऑफलाईन स्कॅन' असतो, तो निवडा. उघडे काम आधी सेव्ह करा, कारण संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटे लागतात. याचा फायदा असा की चालू असलेला व्हायरस स्वतःला लपवू शकतो, पण इथे तो चालूच झालेला नसतो.

त्याच पानावरच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लूजन्स' नावाची यादी असते. इथे नोंदवलेले फोल्डर डिफेंडर तपासत नाही. काही व्हायरस स्वतःचाच फोल्डर या यादीत टाकून ठेवतात! आपण न टाकलेली नोंद दिसली तर काढून टाका आणि पुन्हा स्कॅन करा.

डिफेंडर सुरूच होत नसेल तर मायक्रोसॉफ्टचाच 'सेफ्टी स्कॅनर' वापरा. तो डाऊनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, नंतर नवा घ्यावा लागतो. दुसरे मत म्हणून 'मालवेअरबाइट्स' चांगला. तो सुरुवातीला पैसे भरायच्या आवृत्तीची चाचणी सुरू करतो, पण तपासणी आणि सफाई फुकटच राहते. केंद्र सरकारच्या सर्ट-इनने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने मिळतात. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचे साधन त्यात आहे. मात्र कोणतेही साधन त्या कंपनीच्या किंवा सरकारच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. गुगलवर सर्वांत वर दिसते ती अनेकदा जाहिरात असते.

कोपऱ्यात सारखे 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' असे येत असेल तर बहुधा तो व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साईटला आपण 'अलाऊ' म्हटलेले असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी काढा, अनोळखी एक्स्टेन्शन उडवा, 'अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर' एकदा चालवा. खाली दिलेल्या नंबरवर फोन मात्र करू नका.

आता पेन ड्राईव्ह. तो लावून आधी स्कॅन करा. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' सुरू करा. तरी काही दिसले नाही तर 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स' समोरची खूण काढा. बऱ्याचदा नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये सगळे दाखले सुखरूप सापडतात. ते संगणकात घ्या आणि मग पेन ड्राईव्ह खुशाल फॉरमॅट करा.

सफाई झाल्यावर पासवर्ड बदला, ईमेलचा सर्वांत आधी, आणि शक्यतो दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. 'सर्व उपकरणांवरून साईन आऊट' हेही करा, कारण काही व्हायरस ब्राउझरमधले लॉगिनच चोरतात आणि मग पासवर्डची गरजच उरत नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. फाईलींची नावे बदलून कोणी खंडणी मागत असेल तर पैसे देऊ नका. फाईली जपून ठेवा आणि 'नो मोअर रॅन्सम' या साईटवर मोफत किल्ली आहे का पाहा. सगळ्यांची नसते, पण काहींची आहे.

हे सगळे करूनही व्हायरस परत परत येत असेल तर मात्र कागदपत्रे आणि फोटो तेवढे बाहेर काढून विंडोज नव्याने टाकावे.

एक गोष्ट आपल्याच लोकांना स्पष्ट सांगायला हवी. घरच्या संगणकात रोग येतो तो बऱ्याचदा क्रॅक सॉफ्टवेअरमधून. जयंतीचे बॅनर करायला कोणीतरी क्रॅक केलेला फोटोशॉप टाकतो आणि त्यासोबतची सूचना म्हणते, 'आधी अँटीव्हायरस बंद करा.' चोराने कुलूप काढायला सांगावे आणि आपण काढावे, तसा हा प्रकार. न दिलेले घेऊ नये हे शील आपण दर रविवारी विहारात घेतो, ते संगणकालाही लागू आहे असे आमचे मत. बॅनरसाठी 'गिम्प' आणि 'इंकस्केप' मोफत आहेत, अर्जासाठी 'लिब्रेऑफिस' आहे. मराठी टायपिंगचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. आणि बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यासाठी दहा 'डाऊनलोड' बटणे असलेल्या अनोळखी साईटवर जाण्याचे कारण नाही.