सह्याद्रीचं भावंड समुद्राखाली

चाकणच्या एका वाचकाने पत्रातून विचारलं आहे: भामा आणि इंद्रायणी उगम पावतात तिथून अरबी समुद्र तसा जवळच, मग या नद्या पाठ फिरवून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून पार आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत का जातात? प्रश्न जुनाच आहे. शाळेत तो ‘पठाराचा उतार पूर्वेकडे आहे’ या एका वाक्यात मिटवतात. उतार पूर्वेकडेच का, हे विचारायच्या आत तास संपतो.

अडचण अशी की डोंगर म्हटलं की आपल्यापुढे हिमालयच उभा राहतो. दोन भूपट्ट धडकले, मधल्या समुद्राचा गाळ चुरगळून वर आला, त्या ओझ्याने पायथ्याची जमीन खचली आणि त्या खळग्यात गंगेचं मैदान भरत गेलं. गोष्ट खरी आहे, पण सह्याद्रीला ती लागू पडत नाही. मोशीकडची एखादी दगडखाण पाहा, नाहीतर चाकणला कारखान्याच्या पायासाठी पोकलेनने उभा कापलेला खड्डा. वर थोडी माती, मग मुरूम, मग ब्रेकरलाही दाद न देणारा काळा पाषाण. त्याखाली भोकाभोकांचा, पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेला थर. कुठे मध्येच विटेच्या रंगाची पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत ऊनपावसात कुजलेला तो पृष्ठभाग. हे सगळं जवळजवळ आडवं. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांत या थरांना कुणी चुरगळलेलं नाही. धडक बसलेला डोंगर असा दिसत नाही.

सह्याद्री ही फाटलेल्या पठाराची कड आहे. लाव्हा वाहू लागला तेव्हा आजचा कोकण किनारा नव्हताच. पलीकडे सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्याला चिकटलेला होता. सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी तो सुटला आणि मधल्या भेगेत नवा समुद्रतळ तयार होऊ लागला. तो आजही तयार होतो आहे, कार्ल्सबर्ग पर्वतरांगेपाशी. होय, बीअरवाले कार्ल्सबर्गच. १९२८ ते १९३० या काळात फिरणाऱ्या ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या मोहिमेत या रांगेचा शोध लागला आणि मोहिमेच्या आश्रयदात्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचं नाव तिला मिळालं. पुढे १९६२ मध्ये केंब्रिजच्या ड्रमंड मॅथ्यूजने ‘एचएमएस ओवेन’वरून याच रांगेच्या एका तुकड्याचं चुंबकीय मोजमाप केलं. त्यावरूनच फ्रेड व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये समुद्रतळ पसरतो याचा पुरावा मांडला. भूपट्टांच्या सिद्धांताचा हा कणा आपल्याच समुद्रातून आला, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र चित्र अटलांटिकचं!

त्याहून मनाला लागणारी कथा टेड अर्व्हिंगची. लाव्हा थिजताना त्यातले लोहाचे कण त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात आणि त्या दिशेचा कल अक्षांशानुसार बदलतो. म्हणजे दगड कुठे जन्मला हे दगडालाच विचारता येतं. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या अर्व्हिंगला १९५१च्या सुमारास सुचलं की खंड सरकतात हे वेगेनरचं म्हणणं तपासायला भारतासारखी दुसरी जागा नाही. त्याने भारतातून दख्खनच्या लाव्हाचे नमुने मिळवले. या कामात त्याच्या पाठीशी होते संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर. अशा विखुरलेल्या दिशांचा हिशोब कसा करायचा, यावर त्यांचा १९५३चा निबंध आजही वापरात आहे. उत्तर निघालं की भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून हजारो किलोमीटर सरकत इथे आला आहे. खंड हलतात म्हणणाऱ्याला तेव्हा हसत असत. १९५४ मध्ये परीक्षकांनी अर्व्हिंगचा प्रबंध नापास केला आणि तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. १९५६ मध्ये लंडनच्या क्लेग आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे याच काळ्या पाषाणावर, स्वतंत्र मोजमापं प्रसिद्ध केली, तीही हेच सांगत होती. केंब्रिजने अर्व्हिंगला पदवी दिली ती १९६५ मध्ये, थेट डीएससीच्या तोडीची. रस्त्यावर पसरतो त्या आपल्या खडीच्या दगडाने एवढी मोठी साक्ष दिली, हे पुण्यात तरी ठाऊक असायला हवं.

आता नद्यांकडे. चाकणहून नव्या गाड्या भरून निघणाऱ्या ट्रेलरचे पाटे पाहिले आहेत? माल चढला की पाटा दबतो, उतरला की उसळून वर येतो. भूपट्टही असाच लवचीक आहे. पश्चिमेच्या कड्यावर पाऊस धो धो कोसळतो, डोंगराचा दगड झिजून जातो आणि तिथलं ओझं हलकं होतं. गाळ समुद्रात साचतो, त्या भाराने तिथला तळ खचतो. पट्ट एकच, एकीकडे वाकला की दुसरीकडे उचलला जातो. त्यामुळे पठाराची कड उंच राहिली आणि पाण्याला पूर्वेचाच उतार मिळाला. पनवेलजवळ हे वाकणं थेट खडकात दिसतं: पठारावर आडवे असणारे थर तिथे समुद्राकडे कलतात. त्यावर १९४९ मध्ये लिहिणारे भूवैज्ञानिक जे. बी. ऑडन हे कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले भाऊ. वाद मात्र संपलेला नाही. भूवैज्ञानिक कीथ कॉक्स यांनी १९८९ मध्ये मांडलं की लाव्हा येण्याआधीच खालच्या तप्त खडकाने जमीन घुमटासारखी फुगवली होती आणि नद्यांची दिशा तेव्हाच ठरली. मला दोन्हींत थोडं थोडं तथ्य वाटतं.

कडा मात्र मागे सरकतो आहे. माथेरान आणि प्रबळगड हे मुख्य कड्यापासून तुटून कोकणात मागे राहिलेले पठाराचेच तुकडे. लोणावळ्याला इंद्रायणीचं पात्र बारीक आणि खोरं ऐसपैस, असं का? तिचा वरचा भाग कोकणात उतरणाऱ्या उल्हास नदीने कधीच पळवला आहे.

‘सह्याद्री हिमालयापेक्षा जुना’ हे वाक्य २०१२ मध्ये युनेस्कोची मोहोर उमटल्यापासून सगळीकडे फिरतं. जुनं काय, दगड की उंची? एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात साचलेला आणि ४५ कोटी वर्षांच्या आसपासचा. आपल्या लाव्हापेक्षा जवळजवळ सातपट जुना. डोंगराचं वय सांगण्याआधी त्याचं नेमकं काय मोजलं, हे सांगायला हवं.

राहता राहिलं ते समुद्राखालचं भावंड. किनारा फाटला तेव्हा पश्चिमेचा भाग खचला आणि त्या खळग्यात गाळ आणि चुनखडक साचत गेले. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं, ते याच थरांत. चाकणचा काळा पाषाण तिथेही आहे. फक्त तो त्या थरांच्या तळाशी, हजार मीटरहून अधिक खोल गाडला गेला आहे.

मग आपल्या पाषाणाखालीही असा गाळ दडला असेल का? कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी रासाटीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा ९३३ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला. मधे गाळाचा थर नव्हता. निदान कोयनेपुरतं तरी हे उत्तर पक्कं. चाकणच्या बोअरवेलवाल्याने तूर्त पाण्याचीच आशा धरावी, आणि तीही त्या भोकाभोकांच्या थरात नाहीतर पाषाणाच्या भेगांत.