मोटारीच्या इंजिनाचा ताप

उन्हाळ्याच्या सुटींत वाईहून पांचगणीस जातांना पसरणीच्या घाटांत एखादी मोटार रस्त्याच्या कडेस उभी आहे, तिचें बॉनेट वर केलेलें आहे व आंतून वाफेचे लोट निघत आहेत, हें दृश्य आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. "गाडी तापली" एवढें म्हणून आपण पुढें जातों. ती कां तापते व तिचा ताप कसा उतरवावा, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. मागें एका मे महिन्यांत तशीच एक मोटार रस्त्याच्या कडेस उभी होती आणि तींत आम्ही स्वतः होतों. त्या दिवशीं व त्यानंतर जें शिकलों, तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

सातारा व सांगली या भागांतील मुलांना हा विषय मुळींच परका नाहीं. विहिरीवरील डिझेल इंजिन ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना ठाऊक असेल कीं, पंपानें उपसलेल्या पाण्यापैकीं थोडेसें पाणी एका बारीक नळीनें इंजिनाच्या अंगांतून खेळविलेलें असतें व तें दुसऱ्या बाजूनें ऊन होऊन पाटांत पडतें. थंडीच्या दिवसांत त्या धारेखालीं हातपाय धुण्याची मौज कांहीं औरच! ही ऊब येते कोठून? इंजिनाच्या सिलिंडरांत तेल जळतें, तेव्हां ज्वालेचें उष्णतामान क्षणभर दोन हजार अंशांच्याही वर जातें. मोटारीच्या इंजिनाचा पुष्कळसा भाग ज्या ॲल्युमिनियमचा असतो, ती धातु ६६० अंशांवर वितळते. म्हणजे ही उष्णता पाण्यानें सतत वाहून नेली नाहीं, तर इंजिन आपल्याच अग्नीनें नष्ट होईल. ढोबळ मानानें असें म्हणतात कीं, इंधनांतील उष्णतेचा एक तृतीयांश भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला भाग पाण्याच्या व भोंवतालच्या हवेच्या माथीं येतो.

विहिरीवरील इंजिनास नवें पाणी हवें तेवढें मिळतें. मोटारीस विहीर बरोबर नेतां येत नाहीं. तिला तेंच तें पाणी पुनः पुनः वापरावें लागतें. त्यासाठीं तिच्या पुढील भागीं रेडिएटर बसविलेला असतो. त्याच्या बारीक नळ्यांतून ऊन पाणी जातें, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून हवा जाते, आणि पाणी निवून पुनः इंजिनाकडे वळतें. पाणी फिरविण्याचें काम एक लहानसा पंप करितो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं ज्या किर्लोस्करवाडीस आपला कारखाना नेला, व जी त्या वेळीं औंध संस्थानांत असून आज सांगली जिल्ह्यांत आहे, तेथील पंप आपल्या मळ्यामळ्यांतून दिसतात. फिरत्या चक्रानें पाणी बाहेर फेंकण्याचें त्यांचें जें तत्त्व, तेंच मोटारींतील या मुठीएवढ्या पंपाचेंही आहे.

आतां ज्या मोटारीची ही हकीकत आहे, तिच्याकडे वळूं. आमच्या एका स्नेह्याच्या चिरंजीवांची ती गाडी. वेगाची आवड असलेल्या तरुणांसाठीं बनविलेली असून तिला टर्बोचार्जर जोडलेला होता. टर्बोचार्जर म्हणजे काय, हें समजण्यास लोहाराच्या शाळेंत जावें. नुसता कोळसा मंद जळतो. भात्यानें वारा घातला कीं तोच कोळसा लोखंड लाल करितो. इंजिनास अधिक हवा दाबून भरली, तर त्याच सिलिंडरांत अधिक इंधन जळतें व अधिक जोर निघतो. हा भाता बाहेर जाणाऱ्या धुराच्याच वेगानें फिरवावा, ही कल्पना स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या इंजिनीयरानें काढली व १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें.

परंतु भात्यानें जोर वाढतो तसा तापही वाढतो, आणि तो दोन वाटांनीं वाढतो. एक तर अधिक इंधन जळाल्यामुळें पाण्यावरील भार वाढतो. दुसरें असें कीं, हवा दाबली असतां ती स्वतःच तापते. सायकलींत जोरानें हवा भरतांना पंपाचें तोंड हातास चटका देतें, तें याच कारणानें. उन्हाळ्यांतील ३५ अंशांची हवा पावणेदोन पटीच्या सुमारास दाबली, तर ती सहज १०० अंशांच्या आसपास पोंचते. ती इंजिनांत शिरण्यापूर्वीं निववावी म्हणून इंटरकूलर नांवाचा आणखी एक जाळीदार भाग बसवितात. तो बहुधा रेडिएटरच्या पुढेंच असतो. त्यामुळें रेडिएटरच्या वांट्यास ताजी हवा न येतां आधींच तापलेली हवा येते.

आमच्या तरुण मित्रानें एका गॅरेजांत जाऊन हवेचा दाब मूळच्यापेक्षां वाढवून घेतला होता व मोठा इंटरकूलर बसवून घेतला होता. निवविण्याच्या व्यवस्थेकडे मात्र कोणीं पाहिलें नव्हतें. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७२० मीटर उंच, तर पांचगणी जवळजवळ १,३०० मीटर. निम्मा घाट चढतों न चढतों तोंच उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या रेषेस जाऊन भिडला. गाडी थांबविली. तरुणानें बॉनेट उघडून रेडिएटरच्या झांकणाकडे हात नेला, इतक्यांत मागून आलेल्या ट्रकच्या वयस्क ड्रायव्हरनें ओरडून सांगितलें, "अरे बाळा, हात लावूं नकोस! तोंड भाजून घेशील."

त्या एका वाक्यानें आमच्या मित्राचे डोळे वांचले, असें आम्हांस आजही वाटतें. रेडिएटरचें झांकण साधें नसतें. तें आंतील पाणी दाबून धरतें. हवेचा दाब दुप्पट झाला म्हणजे पाणी १०० अंशांवर न उकळतां सुमारें १२० अंशांवर उकळतें. हा दाब नसता, तर पांचगणीच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळलें असतें. झांकण काढतांच दाब नाहींसा होतो आणि शंभर अंशांहून अधिक तापलेलें पाणी एकदम वाफ होऊन वर उसळतें. म्हणून इंजिन बंद करून तें हातास सोसेल इतकें निवेपर्यंत, मग अर्धा तास लागो कीं तासभर लागो, झांकणास स्पर्श करूं नये. तसेंच जळत्या इंजिनावर गार पाणीही ओतूं नये. त्यानें धातूस तडा जाण्याचा संभव असतो.

सायंकाळीं हळूहळू साताऱ्यास परत आल्यावर एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. आम्हांस वाटलें, ते मोठा रेडिएटर घ्या म्हणून सांगतील. त्यांनीं एकच प्रश्न विचारला: "साहेब, गाडी तापते कोठें? घाटांत, कीं सपाट रस्त्यावर?"

या प्रश्नांतच निम्मा उलगडा आहे. कराडकडून साताऱ्याकडे गाडी वेगानें येत असतां समोरचा वाराच रेडिएटर निववितो. अशा वेळीं गाडी तापली, तर रेडिएटर लहान आहे, आंतून गाळानें भरला आहे अथवा पाणी नीट फिरत नाहीं, असें समजावें. उलट सपाट रस्त्यावर कांटा जागेवर राहतो व घाटांत संथ चालीवर चढतो, तर प्रथम दोष वाऱ्याकडे व पंख्याकडे शोधावा. कारण तेथें इंजिनास श्रम फार आणि वारा थोडा. आमची गाडी घाटांतच तापत होती.

मिस्त्रींनीं पाहिलें, तों पंख्याभोंवतीं जें प्लॅस्टिकचें कडें असतें, तें मोठ्या नळ्यांस जागा व्हावी म्हणून काढून टाकलेलें! त्या कड्यामुळें पंखा हवा संपूर्ण रेडिएटरमधून ओढतो. तें नसलें कीं आसपासचीच हवा तो घुसळीत राहतो. इंटरकूलर व रेडिएटर यांच्या बाजूंस फटी होत्या. पाण्याप्रमाणें हवाही सोपी वाट शोधते. ती जाळींतून न जातां फटींतून निसटत होती. शिवाय सांगलीकडील उसाच्या रस्त्यांवरचें पाचट व धूळ जाळींत अडकून बसली होती. मिस्त्रींनीं कडें परत बसविलें, फटी बुजविल्या, जाळी हलक्या धारेनें धुतली, झांकणाचें जुनें रबर बदललें आणि पाण्यांत कुलंट योग्य प्रमाणांत घातलें. कुलंटमुळें गंज टळतो व पाण्याचा उत्कलनबिंदु वाढतो. पण नुसत्या पाण्यापेक्षां तें उष्णता थोडी कमी वाहतें, म्हणून निम्म्याहून अधिक घालण्यांत फायदा नाहीं. कांहीं लोक थर्मोस्टॅट काढून टाकण्यास सांगतात; मिस्त्रींनीं तो तपासून होता तेथेंच ठेविला. शेवटीं वाढविलेला दाब त्यांनीं मूळच्या मापावर आणविला. पुढील रविवारीं तोच घाट तशाच उन्हांत आम्ही चढलों. कांटा मध्यावरून हलला नाहीं, आणि नव्या रेडिएटरची गरजही लागली नाहीं.

पालकांसाठीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणींतील वर्णन उत्पादकाच्या मूळ वर्णनाहून निराळें होईल असा फेरफार गाडींत करण्यास, ठराविक अपवाद सोडल्यास, मनाई आहे. मुलांची हौस पुरवितांना हें ध्यानांत असावें.

विद्यार्थ्यांनीं यांतून दोन गोष्टी घ्याव्या. तापलेल्या झांकणास हात न लावणें ही पहिली. दुसरी अशी कीं, यंत्र बिघडलें असतां मोठा व महाग भाग आणण्यापूर्वीं "तें कोठें व केव्हां बिघडतें?" हा प्रश्न विचारावा. जोर वाढविणें सोपें असतें. त्या जोरानें उत्पन्न होणाऱ्या उष्णतेस वाट करून देणें, हेंच खरें कौशल्य होय. तें ज्यास साधलें, त्याची गाडी घाटमाथ्यावर पोंचते.