मनूच्या जंगलातले लबाड पहारेकरी

पेरूच्या मनू राष्ट्रीय उद्यानात पक्ष्यांच्या एक हजाराहून अधिक जाती आढळतात. तरी तिथल्या दाट वर्षावनात कधी कधी तासन्‌तास एक पीसही दिसत नाही. मग अचानक चहूबाजूंनी फडफड होते आणि कितीतरी जातींचे पक्षी एकदमच पुढ्यात येतात.

हा मिश्र थवा. त्यातला कुणी सुकलेल्या पानांत किडे शोधतो, कुणी सालीखाली, कुणी शेंड्यावर. त्यामुळे भांडण कमी आणि ससाण्यावर लक्ष ठेवायला डोळे जास्त. पहाऱ्याचं मुख्य काम मात्र एखाद-दोन जातीच करतात. खालच्या थरात ते करड्या-निळ्या अँटश्राइक नावाच्या पक्ष्याकडे असतं. इतरांच्या हालचालीने उडालेले किडे तो हवेतच टिपतो आणि धोका दिसताच ओरडतो.

संशोधक चार्ल्स मन यांनी १९८६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याच जंगलातली विलक्षण गोष्ट मांडली. एकाच किड्यामागे दुसरा पक्षी धावला, की हा पहारेकरी ससाणा नसतानाही तीच हाक देतो. प्रतिस्पर्धी क्षणभर दचकतो, तेवढ्यात किडा याच्या चोचीत! इतर पक्षी तरीही विश्वास ठेवतात, कारण एक किडा गमावणं परवडतं. खऱ्या हाकेकडे दुर्लक्ष केलं तर जीवच जातो.

मिश्र थवे आपल्या सह्याद्रीतही असतात आणि त्यांत बरेचदा भृंगराज हा पक्षी असतो. आंबोलीच्या रानात त्याची हाक ऐकू आली, तर पुढे जाऊ नका, थवा जवळच असू शकतो. तिथेच शांत उभे राहा आणि आजूबाजूची प्रत्येक फांदी नीट बघा.