गल्लत आणि गफलत

‘या दोन मुद्द्यांची गफलत करू नये’ असे वाक्य आता अग्रलेखांत आणि शोधनिबंधांतही सर्रास भेटते. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते ‘गल्लत’. इंग्रजी ‘कन्फ्लेट’ला मराठी शब्द शोधताना तर हे हमखास घडते. त्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ फुंकून एकत्र करणे, भट्टीत धातू वितळवून एकजीव करणे. वेगळ्या गोष्टी एकच धरणे ते हे.

आपले दोन्ही शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आले. त्यांची मुळे मात्र वेगळी. औरंगपुऱ्याच्या बाजारात मराठीशेजारी दखनी कानावर पडते, तिथे हा भेद अजून जिवंत आहे. ‘हिसाब गलत है’ म्हणजे बेरीज चुकली. ‘गफलत में रह गया’ म्हणजे लक्ष नव्हते. गफलतीचा सख्खा भाऊ ‘गाफील’ मराठीतही आहे, आणि गाफील शब्दाबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही! ‘गलत’ने मात्र मराठीत येऊन ‘ल’ला द्वित्त घेतले आणि अर्थही आवळून घेतला : नुसती चूक नव्हे, एकाला दुसरे समजण्याची चूक.

म्हणून गल्लतीला दोन गोष्टी लागतात, ‘अमुक आणि तमुक यांची गल्लत’. गफलतीला एक माणूस आणि त्याच्यावर सोपवलेले काम पुरते : पहाऱ्यात गफलत, मुद्रितशोधनात गफलत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी मराठवाडाही स्वतंत्र झाला असे धरून कुणी लेख लिहिला, तर ती गल्लत. निजामी राजवट संपली १७ सप्टेंबर १९४८ रोजी. हे पक्के ठाऊक असूनही मुक्तिदिनाच्या निमंत्रणपत्रिकेत १८ तारीख छापून गेली, तर ती गफलत.

बोलण्यात गफलत शब्द सैल होऊन कुठल्याही चुकीला लागू लागला आहे. त्याला माझी फारशी हरकत नाही. बोली अशीच चालते. हरकत आहे ती चौकशी अहवालांतल्या ‘जमाखर्चात गफलत आढळली’ या वाक्याला. रक्कम लिहायची राहून गेली असेल, तर शब्द बरोबर आहे. पण ती कुणी जाणूनबुजून खिशात घातली असेल, तर तो माणूस गाफील मुळीच नव्हता. तिथे ‘अफरातफर’ हाच शब्द लिहायला हवा.